कूलंट कमी असल्याचा दिवा खोटा लागतोय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाकीत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, दिसतंय, गाडी तापलेली नाही, तरी मीटरवर लाल थर्मामीटर लुकलुकतोय. जुनी पोलो, व्हेंटो किंवा रॅपिड चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही, म्हणून खालची उत्तरं मुख्यतः त्याच गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. चाकणचा फोक्सवागनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, पोलो आणि व्हेंटो २०१० मध्ये आल्या, पाठोपाठ २०११ मध्ये स्कोडा रॅपिड. पोलोचं इथलं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. यांतल्या बऱ्याच गाड्या आता दहा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत आणि त्यांच्या टाक्याही तेवढ्याच जुन्या आहेत. दुसऱ्या गाड्यांत जिथे खरोखर फरक पडतो, तिथे तो वेगळा सांगितला आहे.

दिवा आत्ताच लागला आहे आणि मी रस्त्यात आहे. आधी काय करू?

गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. खरा की खोटा हा निकाल चालत्या गाडीत लावायचा नसतो. बॉनेटखालून वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेटही उघडू नका.

वाफ नसेल तर बॉनेट उघडा आणि कूलंटच्या टाकीकडे फक्त बाहेरून बघा. टाकी अर्धपारदर्शक असते, मोबाइलचा टॉर्च मागून धरला की आतली पातळी दिसते. झाकणाला हात लावायचा नाही. गरम इंजिनातलं कूलंट दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की तो दाब सुटतो, कूलंट क्षणात उकळून बाहेर उडतं आणि हात-तोंड भाजतं. टाकीला हात लावून ती कोमट वाटेपर्यंत थांबा. उन्हाळ्यात याला पाऊण तास किंवा त्याहून जास्त लागतो. उघडतानाही वर जाड फडका ठेवून आधी थोडंच फिरवा.

पातळी किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये असेल आणि तापमान नेहमीसारखं असेल, तर जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा घरापर्यंत सावकाश जाता येईल, लक्ष तापमानावर ठेवून. टाकी रिकामी दिसत असेल तर पुढे जाऊ नका. इंजिन गार झाल्यावर पिण्याचं साधं पाणी भरून गॅरेज गाठणं अडचणीच्या वेळी चालतं. मात्र तापलेल्या, कोरड्या पडलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या धातूच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

लाल दिवा तापमानाचा की पातळीचा, हे कसं ओळखायचं?

पोलोच्या कुटुंबात दोन्हींसाठी एकच चिन्ह आहे, गोंधळाचं मूळ तिथेच आहे. थर्मामीटर आणि खाली लाटा. इंजिन तापलं तरी तेच आणि टाकीतली पातळी उतरली तरी तेच, सोबत तीन बीप. मीटरमध्ये लहान पडदा असेल तर त्यावर पातळी तपासा असा मजकूर येतो. पडदा नसलेल्या गाडीत अंदाजच बांधावा लागतो. गाडी गार असताना, चावी फिरवल्यावर लगेच लुकलुकायला लागलं तर पातळीचा संशय धरा. गार इंजिन तापलेलं असणार नाही, मग उरतं काय? घाट चढताना किंवा ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकल्यावर लागलं, तर तापमान खरंच वाढलंय असंच आधी समजा.

निळा थर्मामीटर हा बिघाडच नाही. इंजिन अजून गार आहे, एवढंच तो सांगतो आणि थोडं अंतर गेलं की विझतो. मारुतीच्या अनेक गाड्यांतही हा निळा दिवा असतो आणि नवखे चालक त्याला घाबरतात.

माझ्या गाडीत पातळीचा सेन्सर आहे हे कशावरून कळेल?

टाकीच्या तळाला किंवा कुशीला दोन तारांचा कपलर (तारा जोडणारा प्लग) लागलेला असेल तर सेन्सर आहे. कपलर नसेल तर नाही. आपल्याकडच्या कित्येक लहान गाड्यांत तो नसतोच, तिथे फक्त तापमानाचा सेन्सर असतो. अशा गाडीत लाल दिवा लागला तर ‘पातळीचा खोटा इशारा’ हा विषयच उरत नाही, दिवा तापमानाबद्दलच बोलतोय.

हा सेन्सर काम कसा करतो?

फोक्सवागन आणि स्कोडाच्या या गाड्यांत टाकीच्या तळातून आत दोन धातूच्या पिना आलेल्या असतात. त्या प्लॅस्टिकमध्येच घडवलेल्या असल्यामुळे सेन्सर वेगळा काढता येत नाही. कूलंटमधून वीज थोडीफार वाहते. पिना बुडालेल्या असल्या की एका पिनेतून दुसरीत वीज जाते, मीटरला वाटतं सगळं ठीक आहे. पातळी उतरली, पिना उघड्या पडल्या, की वाट तुटते आणि दिवा लागतो.

यातून एक गोष्ट निघते, ती लक्षात ठेवली तर निम्मं निदान झालंच. या पद्धतीत वाट तुटली की इशारा, वाट जुळली की शांतता. तार तुटली, कपलर गंजला, पिनांवर थर बसला, तर टाकी काठोकाठ असली तरी दिवा लागणार. उलट, दोन तारा कुठे तरी एकमेकींना चिकटल्या, तर टाकी कोरडी ठणठणीत असली तरी दिवा लागणार नाही. खोट्या इशाऱ्याने मनस्ताप होतो, पण खोट्या शांततेने इंजिन जातं.

बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि इतर काही कंपन्यांच्या अनेक मॉडेलांत दुसरी पद्धत आहे. टाकीत चुंबक बसवलेला तरंगा असतो आणि बाहेर एक रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की चालू-बंद होणारा. तरंगा खाली आला की चुंबकामुळे स्विचची अवस्था बदलते. इथे कूलंट वीज वाहतं की नाही याला महत्त्व नाही, पण तरंगा गाळात अडकतो किंवा त्यात कूलंट शिरून तो बुडतो. शिवाय काही गाड्यांत पातळी ठीक असताना स्विच जोडलेला असतो, काहींत तुटलेला. म्हणून खाली दिलेली तार जोडून बघायची तपासणी दोन पिनांच्या गाडीसाठीच आहे, ती डोळे झाकून तरंग्याच्या गाडीला लावू नका.

टाकीत कूलंट दिसतंय. मग इशारा खोटाच ना?

नाही. ‘खोटा’ म्हणून आलेल्या गाड्यांत सगळ्यात आधी शोधायची गोष्ट हीच आहे की पातळी अगदी काठावर तर नाही. तापलं की कूलंट फुगतं, गार झालं की आकसतं. संध्याकाळी घरी आल्यावर गरम टाकीत पातळी किमान खुणेच्या वर दिसते. तीच सकाळी नाशिक-निफाडच्या थंडीत खुणेखाली जाते आणि चावी फिरवली की दिवा लागतो. दहा मिनिटं चालवली की विझतो. मालक म्हणतो सेन्सर नाटकं करतोय. सेन्सर अगदी बरोबर सांगत असतो.

दुसरी खूण वळणांची. आंबोली किंवा वरंध चढताना, एकाच बाजूच्या वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर दिवा चमकून जात असेल, तर टाकीतलं कूलंट एका बाजूला जाऊन पिना क्षणभर उघड्या पडतायत. पातळी कमाल खुणेजवळ असती तर हे झालं नसतं.

तिसरी फसवणूक खुद्द टाकीची. जुन्या टाकीचं प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि आतून डागाची एक रेषा बसते. ती रेषा पूर्वीच्या पातळीची असते आणि बाहेरून कूलंटसारखी दिसते. गाडी गार असताना टाकी हलकेच हलवून बघा. हलते ती पातळी, हलत नाही तो डाग.

मारुती, होंडा, टोयोटा किंवा ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत आणखी एक पेच आहे. तिथे दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूची बाटली नुसती साठवणीची. रेडिएटरमधलं जास्तीचं कूलंट बाटलीत येतं आणि गार झाल्यावर परत ओढलं जातं. झाकणाची झडप बिघडली किंवा मधली बारीक नळी चिरली, की परत ओढण्याचं काम थांबतं. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं घडतं. या गाड्यांत पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडून आत बघितल्याशिवाय काहीही ठरवू नका.

मग इशारा खोटा आहे हे ठरवायचं कसं?

खर्च एका मार्कर पेनाचा. गाडी सपाट जागी उभी करा, रात्रभर गार होऊ द्या, सकाळी सुरू करण्याआधी टाकीवर पातळीची रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. रेघ खालच्या खुणेजवळ असेल तर आधी योग्य मिश्रणाने कमाल खुणेपर्यंत भरा आणि मग रेघ मारा. आठवडाभर त्याच जागी, तशाच गार अवस्थेत बघत राहा.

भरल्यावर दिवा बंद झाला आणि रेघ हलली नाही, तर पातळी नुसती काठावर होती. दिवा बंद झाला पण रेघ खाली सरकतेय, तर कुठे तरी गळती आहे आणि दिव्याचे आभार माना. टाकी भरलेली, रेघ जागच्या जागी, तरी दिवा लागतोच, तर आता त्याला खोटा म्हणायला हरकत नाही. हे केल्याशिवाय सेन्सर, टाकी, मीटर असं काहीही बदलायला पैसे देऊ नका.

कूलंट नुकतंच बदललं असेल तर एक सवलत. पाइपांत अडकलेली हवा निघते तशी पहिल्या काही फेऱ्यांत पातळी आपोआप थोडी उतरते. ती भरून घ्या आणि रेघ त्यानंतर मारा.

दोष टाकीत आहे की वायरिंगमध्ये, हे घरी तपासता येईल का?

दोन पिनांच्या गाडीत येतं, आणि सोपं आहे. चावी बंद करून टाकीखालचा कपलर काढा. आधी आत बघा. हिरवट किंवा पांढरी भुकटी, ओल, वाकलेली पिन, यांतलं काही दिसलं तर तपास तिथेच संपू शकतो. बारीक ब्रश आणि इलेक्ट्रिकल क्लीनरच्या फवाऱ्याने साफ करा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा लावून बघा.

कपलर स्वच्छ असेल तर गाडीकडून येणाऱ्या तारांच्या बाजूच्या दोन टर्मिनलांत वायरचा छोटा तुकडा घालून ती दोन्ही जोडा. टर्मिनलं फाकणार नाहीत इतकी बारीक वायर घ्या. चावी ऑन करा आणि थोडं थांबा, कारण कूलंट डचमळल्याने दिवा उगाच लागू नये म्हणून मीटर निर्णय घ्यायला वेळ घेतो. दिवा गेला, तर वायरिंग आणि मीटर शाबूत, दोष टाकीतल्या पिनांत. दिवा तसाच राहिला, तर टाकी निर्दोष, तार किंवा मीटर बघायचं. चावी बंद करा, वायरचा तुकडा लगेच काढा आणि कपलर पुन्हा लावा. तपासणीसाठी जोडलेली तार तशीच राहून गेलेल्या गाड्या कमी नाहीत.

तारांपैकी एक अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीला, जाते. फोक्सवागनच्या पद्धतीत अर्थची तार तपकिरी असते. मल्टिमीटर असेल तर चावी बंद ठेवून तपकिरी तार आणि बॉडीचा धातू यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे वाट अखंड आहे का, बघा. बीप आला नाही तर अर्थ गेलेला आहे. दुसरी तार मीटरपर्यंत जाते, तिचा शोध वायरमनवर सोडलेला बरा.

मल्टिमीटरने थेट टाकीच्या पिना मोजल्या तर?

मोजता येतात, पण आकड्याच्या मागे लागू नका. द्रवातून मोजताना मल्टिमीटरच्या स्वतःच्या विजेमुळे पिनांवर भार साचतो आणि रोध (विजेला होणारा अडथळा) सरकत राहतो. प्रोब उलटे केले की आकडा बदलतो. बघायचं एवढंच की टाकी भरलेली असताना काही तरी मोजता येण्यासारखा रोध दिसतो की मल्टिमीटर थेट तुटलेली वाट दाखवतं. भरलेल्या टाकीत वाट तुटलेली दिसली, तर पिनांवर थर आहे किंवा पिना खाली आतून तुटल्या आहेत.

पिनांवर हा थर येतो कुठून?

बहुतेक वेळा बोअरवेलमधून. गॅरेजमध्ये, पेट्रोल पंपावर, शेतावर, जिथे जे पाणी हाताशी असेल ते टाकीत जातं. मराठवाड्यात आणि दख्खनच्या कोरड्या भागांत बोअरचं पाणी जड असतं. ते तापलं की क्षार पिनांवर, रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसतात. घरच्या गिझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं, तसंच हे. पिनांवरचा थर दिव्यामुळे निदान कळतो, रेडिएटरमधला कळत नाही.

दुसरं कारण कूलंटची भेसळ. या गाड्यांना जी १२ कुटुंबातलं किंवा नंतरचं जी १३ कूलंट लागतं, गुलाबी ते जांभळट रंगाचं. त्यात बाजारातलं हिरवं, जुन्या रसायनाचं कूलंट टाकलं की दोघांची गंजरोधक द्रव्यं एकमेकांशी जुळत नाहीत, मिश्रण तपकिरी होतं आणि चिकट गाळ तयार होतो. पण रंगावरून खरेदी करू नका, रंग कंपनी हवा तो घालते. डब्यावर कोणतं मानक लिहिलंय ते वाचा आणि गाडीच्या पुस्तिकेशी ताडा.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. मग नुसतं पाणी का नको?

कूलंटचं मोठं काम आपल्याकडे गोठणं रोखण्याचं नाहीच. गंज रोखणं, पंपाचं सील सांभाळणं आणि उकळबिंदू वर नेणं, ही ती कामं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ द्रव) असं मिश्रण मोकळ्या हवेत साधारण १०७ अंशांना उकळतं आणि झाकणाने धरलेल्या दाबाखाली त्याच्याही बरंच वर जातं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपासच्या उंचीवर, मोकळ्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. नुसतं पाणी आणि दाब न धरणारं झाकण घेऊन पसरणी घाट चढलात, तर वर पोचेपर्यंत टाकीतलं पाणी उडून गेलेलं असेल आणि तेव्हा लागलेला दिवा खराच असेल.

फोक्सवागनच्या सूचनेप्रमाणे कूलंटचा वाटा किमान ४० टक्के हवा आणि ६० टक्क्यांच्या वर नको. बाकीचं डिस्टिल्ड वॉटर. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. पाण्यापेक्षा ग्लायकॉल उष्णता कमी वाहून नेतं.

नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि दिवा लागला. दोन्हींचा संबंध आहे का?

असू शकतो. शुद्ध डिस्टिल्ड पाण्यातून वीज फार कमी वाहते. सिस्टिम फ्लश करून (आतून धुऊन) नुसतं डिस्टिल्ड पाणी भरलं तर दोन पिनांच्या सेन्सरला टाकी रिकामीच वाटू शकते. बिनपाण्याची म्हणून विकली जाणारी महागडी कूलंट वापरणाऱ्यांनाही हाच त्रास संभवतो. योग्य मिश्रण भरा, दिवा जाईल.

टाकीतल्या पिना साफ करता येतात का, की टाकीच बदलावी लागते?

करून बघा, टाकी तशीही बदलायचीच असेल तर नुकसान काही नाही. गाडी पूर्ण गार असताना टाकी सोडवा, निघालेलं कूलंट स्वच्छ भांड्यात घ्या. टाकीत गरम पाणी आणि लिंबाच्या फुलाचं (सायट्रिक ॲसिडचं) द्रावण घालून तासभर ठेवा, लांब मऊ ब्रशने पिना चोळा. सँडपेपर किंवा स्क्रूड्रायव्हर नको, प्लॅस्टिकमधून पिना जिथून आत येतात तिथलं सील दुखावलं की तिथूनच झिरपायला लागतं. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा खंगाळा, आम्लाचा अंश आत राहता कामा नये.

टाकीचं प्लॅस्टिक पिवळं होऊन कडक झालं असेल, जोडावर बारीक चिरा दिसत असतील किंवा कपलरच्या जागी ओल असेल, तर सफाईचे कष्ट वाया घालवू नका. नवी टाकी घ्या, सोबत झाकणही नवं घ्या. घेताना टाकीखाली दोन पिनांचं सॉकेट आहे ना बघा, कारण बाहेरून सारखी दिसणारी, सेन्सर नसलेली टाकीही मिळते. निघालेलं जुनं कूलंट मोरीत किंवा अंगणात ओतू नका. ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

पावसाळ्यातच का होतं?

ओल आणि उंदीर. कपलर खाली असतो, वरून गळणारं पाणी तिथे येतं, जुनं सील दबून गेलेलं असतं, टर्मिनलं हिरवी पडतात. इंजिन प्रेशरने धुतल्यावर दुसऱ्या दिवशी दिवा लागणं हाही त्यातलाच प्रकार. पावसात उंदीर-घुशी कोरडी, ऊबदार जागा शोधत बॉनेटखाली शिरतात आणि बारीक तारा कुरतडतात. टाकीखालच्या तारा त्यांच्या वाटेवरच आहेत. फांदीचे तुकडे, लेंड्या, कापूस दिसला तर वायरिंग हाताने चाचपून बघा. तुटलेली तार नुसती पिळून टेप लावू नका. सोल्डर किंवा क्रिंप (धातूच्या नळीत दाबून जोड) करून त्यावर हीट-श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आकसणारी नळी चढवायला सांगा, नाही तर पुढच्या पावसात तीच तार पुन्हा शोधत बसाल.

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, कोड काहीच नाही. याचा अर्थ सेन्सर ठीक?

तसा अर्थ निघत नाही. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर फक्त इंजिनाच्या कंट्रोल युनिटशी बोलतो. पातळीच्या सेन्सरच्या तारा या गाड्यांत मीटरकडे जातात, इंजिनाला त्याची खबरच नसते. मीटरचं युनिट वाचणारा स्कॅनर हवा. ज्या गाड्यांत हा सेन्सर इंजिनाच्या युनिटला जोडलेला असतो, तिथे पी २५५६ ते पी २५५९ हे कोड सेन्सरच्या सर्किटचे आणि पी २५६० हा पातळी कमी असल्याचा.

तरी स्वस्त स्कॅनर निरुपयोगी नाही. तो कूलंटचं खरं तापमान आकड्यांत दाखवतो. तिथे उणे ४० अंश दिसले तर तापमानाच्या सेन्सरची तार तुटलेली आहे, गाडी हिमालयात असली तरी. अशा वेळी बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा खबरदारी म्हणून सतत जोरात फिरत राहतो. तापमानाचा सेन्सर ही स्वतंत्र वस्तू आहे. गॅरेजमध्ये ‘कूलंट सेन्सर बदलला’ असं बिलावर लिहिलं जातं तेव्हा कोणता बदलला ते विचाराच.

तापमानाचा काटा ९० वर स्थिर आहे. म्हणजे चिंता नाही ना?

फोक्सवागनचा काटा मुद्दाम शांत ठेवलेला आहे. तापमान साधारण ७५ पासून १०५ अंशांपर्यंत हललं तरी तो ९० वरच उभा असतो. शिवाय तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच बरोबर मोजतो. कूलंट खूप गेलं आणि सेन्सरभोवती नुसती वाफ उरली, की काटा गप्प राहतो आणि हेड तापत जातं. काट्यावरून पातळीचा दिवा खोटा ठरवणं म्हणूनच धोक्याचं आहे.

दर महिन्याला थोडं भरावं लागतं, पण जमिनीवर थेंबही नाही. कूलंट जातं कुठे?

बंद सिस्टिममधून कूलंट महिन्याला कमी होत असेल तर ते जातंच आहे. बाहेर झिरपलेलं गरम भागावर वाळून जातं आणि पांढरा किंवा गुलाबी डाग मागे ठेवतं. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर, होज पाइपांचे क्लॅम्प आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिकचा ॲल्युमिनियमशी होणारा जोड, इथे टॉर्च मारून बघा. केबिनमध्ये गोडसर वास, डावीकडचं कार्पेट ओलं आणि काचेवर आतून तेलकट वाफ, तर हीटरचा कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतोय. डिझेलमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर गार करणारा भाग) फुटला की कूलंट सायलेन्सरमधून निघून जातं, जमिनीवर काहीच येत नाही. हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) गेली असेल तर टाकीत सतत बुडबुडे, होज दगडासारखे कडक, सुरू करताना पांढरा धूर.

गॅरेजला प्रेशर टेस्ट करायला सांगा. गार गाडीत झाकणाच्या जागी हातपंप लावून दाब भरतात आणि पंधरा-वीस मिनिटं तो टिकतो का बघतात. गॅस्केटचा संशय असेल तर टाकीवर निळ्या द्रावणाची नळी लावतात. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. या दोन तपासण्यांआधी कोणी हेड उतरवायला निघालं, तर गाडी दुसरीकडे न्या.

मेकॅनिक म्हणतो, दोन तारा जोडून टाकू, दिवा कायमचा जाईल. करू का?

नको. दिवा जाईल हे खरं, पण वर सांगितलेली खोटी शांतता तुम्ही स्वतः पैसे देऊन विकत घ्याल. टाकी महिनाभर मिळणार नसेल आणि गाडी लागणारच असेल, तर उघडा राहिलेला कपलर ओलीपासून झाकून दिवा लुकलुकतच ठेवा आणि रोज सकाळी रेघ बघा. त्रासदायक आहे, असू दे. विसरायला होत नाही, हाच फायदा.

जुनी गाडी घेतोय. आधीच्या मालकाने असा जुगाड केलाय का, कसं कळेल?

चावी बंद असताना टाकीखालचा कपलर काढायला सांगा, मग चावी ऑन करून थोडा वेळ थांबा. दोन पिनांच्या गाडीत दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला, तर तारा कुठे तरी जोडलेल्या आहेत. मग पुढचा प्रश्न सेन्सरचा राहत नाही, कूलंट कुठे जातंय आणि ते लपवायची वेळ का आली, याचा राहतो. कपलर परत लावल्यावर दिवा विझतो ना, तेही बघून घ्या.

नवी टाकी बसवली तरी दिवा तसाच आहे.

कपलर पूर्ण आत बसून खट् आवाज आला का? टाकी सेन्सरवाली आहे का? चावी बंद करून पुन्हा ऑन केली का? काही गाड्यांत त्याशिवाय इशारा जात नाही. तिन्ही ठीक असेल तर तारा जोडून बघायची तपासणी आधीच करायला हवी होती, ती आता करा. बहुधा अर्थची तार सापडेल.

इलेक्ट्रिक गाडीतही कूलंटचा इशारा आला. हेच उपाय?

हे उपाय तिथे लावू नका. बॅटरी आणि मोटर गार ठेवायला कूलंट तिथेही असतं, पण काही गाड्यांत ते मुद्दाम कमी वीजवाहक बनवलेलं असतं आणि त्यात साधं कूलंट किंवा नळाचं पाणी मिसळणं महागात पडतं. वॉरंटीही त्यात जाऊ शकते. पातळी बाहेरून बघा, फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा.